नवऱ्याची सही लागत नाही

गर्भपाताचा कायदा आपल्याकडे १९७१ साली झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. ज्या समितीच्या अहवालावर तो उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. पन्नास वर्षं उलटली. तरी आजही खेड्यातून पहाटेची एसटी धरून सरकारी रुग्णालयात आलेल्या बाईला ‘नवऱ्याला घेऊन या, मग बघू’ एवढं ऐकून परत जावं लागतं. ती परत नवऱ्याला घेऊन येतेच असं नाही. बऱ्याचदा ती दुसरीकडे जाते, आणि कुठे जाते ते आपण विचारत नाही.

हे वाक्य तिला कोण ऐकवतं? विभागप्रमुख नव्हे; ते त्या टेबलावर नसतात. केसपेपर लिहिणारा इंटर्न, रात्रभर जागलेली रेसिडेंट, नाहीतर दारातल्या सिस्टर. म्हणजे हा लेख वाचणाऱ्यांपैकी काही जण. म्हणून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना ‘आम्ही या प्रश्नावर काय करू शकतो?’ असा प्रश्न पडला, तर माझं उत्तर मोर्चापासून सुरू होत नाही. ते ओपीडीतल्या खुर्चीपासून सुरू होतं.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा रस्ता वेगळा होता. १९९३ मध्ये तिथे गर्भपात करणाऱ्या डॉ. डेव्हिड गन यांचा खून झाला. त्याच सुमारास देशभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या घरी गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांची विखारी टिंगल करणारं एक पत्रक पोचलं. त्यातून ‘मेडिकल स्टुडंट्स फॉर चॉइस’ ही संघटना उभी राहिली. त्यांची मागणी होती ती शिकवण्याची: हा विषय अभ्यासक्रमात का नाही? पुढे २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनेतलं संरक्षणच काढून घेतलं, आणि त्या विद्यार्थ्यांना थेट कायद्याशी भांडावं लागलं. आपल्याकडे कायदा बराचसा बाईच्या बाजूने आहे आणि अडचण रुग्णालयाच्या आत आहे. परदेशी घोषणा उचलून आणल्या तर आपल्या कामाच्या नाहीत. त्यांची शिकवण्याची मागणी मात्र आपल्याला जशीच्या तशी लागू पडते.

आधी कायदा वाचा, तोही मूळ

गाइडमधला सारांश नको. कायदा दहा-बारा पानांत संपतो. २०२१ ची दुरुस्ती त्याच वर्षी २४ सप्टेंबरपासून लागू झाली आणि १२ ऑक्टोबरला नवे नियम आले. तुमच्या सरांनी हा विषय त्याआधी शिकून घेतला असेल, तर त्यांच्या डोक्यात अजून जुने आकडे असण्याची शक्यता आहे. वाद घालू नका, छापील प्रत दाखवा.

लक्षात ठेवायचं ते असं. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत आणि प्रशिक्षित डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोघांचं लागतं, आणि बाई नियमांतल्या गटांत बसावी लागते: लैंगिक अत्याचार झालेली, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, मोठं अपंगत्व किंवा मानसिक आजार असलेली, आपत्तीत सापडलेली, किंवा गर्भात व्यंग असलेली. चोवीसच्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं. बोर्डाने तीन दिवसांत निर्णय द्यायचा आणि अर्ज आल्यापासून पाच दिवसांत प्रक्रिया पार पडायला हवी, असं नियम सांगतो. बाईचा जीव वाचवण्यासाठी लगेच गर्भपात करणं गरजेचं असेल, तर आठवड्यांची कोणतीच मर्यादा आड येत नाही.

संमती फक्त तिची. वय अठरा पूर्ण असेल तर नवऱ्याची नको, सासूची नको, वडिलांचीही नको. अठराच्या आत असेल किंवा मानसिक आजार असेल तरच पालकाची लेखी संमती लागते. २०२१ पर्यंत गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहितेला देता येत होतं. आता कायद्यात ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आहेत. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं सांगितलं: वीस ते चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहितेला वगळता येणार नाही, या कायद्यापुरतं नवऱ्याने केलेली बळजबरीही बलात्कारात धरायची आणि त्यासाठी एफआयआरची अट घालायची नाही. कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी स्वतःच्या मनाने लावू नयेत, असंही न्यायालयाने बजावलं.

कायद्यात खोटही आहे. निर्णय शेवटी डॉक्टरच्या ‘मता’वर टांगलेला आहे, बाईला नुसतं ‘मला नको आहे’ म्हणून भागत नाही, तिला कारणाच्या चौकटीत बसावं लागतं. आणि या कायद्याबाहेरचा गर्भपात भारतीय न्याय संहितेनुसार आजही गुन्हाच आहे. डॉक्टरांची भीती तिथून येते. ती खरी असते. ‘तुम्ही घाबरट आहात’ म्हणून सिनियरना हिणवण्यापेक्षा, त्यांना नेमकं कुठे संरक्षण आहे ते दाखवणारा ज्युनियर जास्त उपयोगी पडतो.

टेबलाशी

कल्पना करा, बाई समोर येऊन बसते. गर्दी आहे, पडदा अर्धा सरकलेला आहे. हळू आवाजात म्हणते, “डॉक्टर, पाळी चुकलीय. मोकळं करा.”

इथे नेहमी कानावर पडणारा पहिला प्रश्न असतो, “लग्न झालंय का?” तो पहिला का असावा? तुम्हाला आधी शेवटच्या पाळीची तारीख हवी, पोटात एका बाजूला दुखतंय का आणि रक्तस्राव आहे का ते हवं, आधीची बाळंतपणं, सिझेरियन, औषधांची ॲलर्जी हवी. आधी काही गोळ्या घेतल्या का, हे तर हवंच; पण “कुठून आणल्या?” असं दरडावून विचारलंत तर खरं उत्तर मिळणार नाही. “आधी काही घेतलं असेल तर सांगा, त्यावरून पुढचे उपचार ठरतात” एवढं म्हणा, बाई सांगते.

पडदा पूर्ण लावा. बरोबर आलेल्याला दोन मिनिटं बाहेर बसवा आणि बाईला एकटीला विचारा, हा निर्णय तिचा आहे का. गर्भपात नको असताना घरच्यांनी आणलेली बाईही तुमच्यासमोर बसलेली असू शकते. ओपीडीत सगळ्यांसमोर ‘एमटीपीवाली कोण?’ असं ओरडणाऱ्याला त्याच दिवशी बाजूला घेऊन सांगा. कायद्याच्या ५ अ कलमानुसार तिची ओळख फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून टाकलेला सोनोग्राफीचा फोटो, त्यावर नाव राहिलेलं असेल तर, याच वाटेने जातो.

मग येतो तांबीचा सौदा. ‘करून देतो, पण ऑपरेशन करून घे’ किंवा ‘कॉपर-टी बसवशील तरच’. हे इतकं रुळलेलं आहे की विद्यार्थ्यांना तो नियमच वाटतो. असा कोणताही नियम नाही. गर्भनिरोधनाचा सल्ला द्यायचा, सगळे पर्याय सांगायचे, आणि तिने ‘आज नको’ म्हटलं तर केसपेपरवर तसं लिहून पुढे जायचं. फॉर्म सी ही गर्भपाताची संमती आहे. त्याच बैठकीत नसबंदीच्या कागदावर घाईने अंगठा उमटवून घेणं म्हणजे तिच्या अडचणीचा फायदा घेणं.

अल्पवयीन मुलगी आली की सगळेच गडबडतात. पॉक्सो, म्हणजे बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मग ती मुलगी कितीही ‘आमचं प्रेम आहे’ म्हणाली तरी. पण २०२२ च्याच निकालात सांगितलं आहे की मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना दिलेल्या माहितीत डॉक्टरने तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. बऱ्याच कॅज्युअल्टींमध्ये हे कुणाला माहीत नसतं. विद्यार्थ्याने इथे स्वतः काही लपवायचं नाही आणि स्वतः काही ठरवायचंही नाही. सिनियरला निकालाची प्रत दाखवायची, ‘सर, ही सोय आहे’ म्हणायचं आणि उपचार कळवाकळवीसाठी अडून राहणार नाहीत एवढं पाहायचं. गर्भपात नाकारून ‘आधी पोलीस स्टेशन’ म्हणणं कायद्यात कुठेच नाही.

लिंगनिदान आणि गर्भपात: दोन कायदे, दोन वेगळ्या गोष्टी

महाराष्ट्रात हा विषय नाजूक असण्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. २०१७ मध्ये सांगलीजवळच्या म्हैसाळला एका बाईच्या मृत्यूनंतर पुरलेले १९ गर्भ सापडले. लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, आणि तो कार्यकर्त्यांनी रस्त्यावर येऊन मिळवला. हा अभिमानाचा इतिहास आहे.

पण त्या लढाईची झळ भलतीकडेच लागली. धाडींच्या धास्तीने अनेक औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. दोन मुली असलेली बाई चौदाव्या आठवड्यात आली की तिच्याकडे संशयितासारखं पाहायचं आणि ‘आमच्याकडे होत नाही’ म्हणून वाटेला लावायचं, ही पद्धतच पडली. तिला खरोखर तिसरं मूल परवडत नसेल, याचा विचार कुणी करत नाही. शिवाय गोळ्यांनी होणारे बहुतेक गर्भपात नऊ आठवड्यांच्या आत होतात. तेव्हा सोनोग्राफीत लिंग कळतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. गुन्हा मशीनच्या खोलीत होतो आणि त्याची कारवाई पीसीपीएनडीटी या लिंगनिदानविरोधी कायद्याखाली सोनोग्राफी करणाऱ्यावर व्हायला हवी. तो राग गर्भपात मागणाऱ्या बाईवर काढायचा नाही. तुमच्या महाविद्यालयात मुली वाचवण्याचं पोस्टर प्रदर्शन होईल तेव्हा गर्भपातालाच गुन्हा म्हणणारं चित्र त्यात येऊ देऊ नका; हे काम तुम्हीच करू शकता, कारण चित्रं तुम्हीच काढता.

शिकायला मागा

लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये २०१८ साली आलेल्या अभ्यासानुसार २०१५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश रुग्णालयाबाहेर, बहुतेक गोळ्यांनी. यातले सगळे धोक्याचे नव्हते. गोळ्या योग्य वेळी, योग्य मात्रेत घेतल्या तर सुरक्षित आहेत. पण किती रक्त जाणं नेहमीचं आणि किती धोक्याचं, गर्भ नळीत असेल तर काय, हे त्या बायकांना सांगायला समोर कुणी नव्हतं. ते सांगणारा डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात बसलेला असतो. बऱ्याचदा तो फक्त एमबीबीएस असतो आणि ‘हे माझं काम नाही’ असं समजत असतो.

ते त्याचं काम होऊ शकतं. नियमांप्रमाणे देखरेखीखाली गोळ्यांच्या दहा केसेस स्वतः हाताळलेला डॉक्टर नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्या देऊ शकतो. मान्यताप्राप्त ठिकाणी पंचवीस केसेसमध्ये मदत केलेला आणि त्यातल्या पाच स्वतः केलेला डॉक्टर बारा आठवड्यांपर्यंत गर्भपात करू शकतो. सरकारी रुग्णालयाला वेगळ्या परवान्याची गरज नसते. तेव्हा इंटर्नशिपमध्ये स्त्रीरोग विभागात असताना नुसते रक्ताचे नमुने पोचवत फिरू नका. केसेसची वही ठेवा, सरांची सही घ्या, आणि हे अनुभव नियमांत कसे मोजले जातील ते आधीच विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. बायका ज्याला ‘पिशवी धुणं’ किंवा ‘क्युरेटिंग’ म्हणतात ते धातूच्या क्युरेटने खरवडणं जागतिक आरोग्य संघटनेने केव्हाच बाद ठरवलं आहे. त्याऐवजी हाताने चालवायची सिरिंज, म्हणजे एमव्हीए, वापरायची. ती स्वस्त आहे, वीज लागत नाही, आणि तरीही अनेक विभागांत कपाटात कुलूपबंद असते. एमव्हीए झाल्यावर ‘खात्रीसाठी’ पुन्हा क्युरेट फिरवण्याची सवय तर आहेच. विद्यार्थ्याने ओटीत उभं राहून वाद घालू नये. जर्नल क्लबला मात्र हा विषय घ्यावा, २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि केंद्र सरकारचं गर्भपात-सेवेचं (सीएसी) पुस्तक समोर ठेवून.

अभ्यासक्रम हलत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांसाठी एक उदाहरण. न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत ‘कौमार्याची लक्षणं’ वर्षानुवर्षं शिकवली जात होती. सेवाग्रामच्या एका प्राध्यापकांनी हे अशास्त्रीय असल्याचा अहवाल चिकाटीने पाठवला आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग वगळला. मोर्चा निघाला नाही, कागद निघाला. एमबीबीएसच्या सध्याच्या अभ्यासक्रमात गर्भपाताची माहिती, संमती घेण्याचा सराव आणि लिंगनिदानाचा कायदा हे तिन्ही आहेत. तुमच्याकडे तो सराव होतो का? नसेल तर विद्यार्थी परिषदेमार्फत लेखी मागा. तोंडी मागणी हवेत विरते.

आकडे हवे असतील तर आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपमधून छोटा अभ्यास करता येतो: आपल्या रुग्णालयातून किती बायका परत पाठवल्या जातात आणि कोणत्या कारणाने. एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, नावं घेऊ नका. असा एक कागद विभागाच्या बैठकीत ठेवला की भाषणाची गरज उरत नाही.

हॉस्टेलवर येणारा फोन

हा येतोच. मैत्रिणीची मैत्रीण, घाबरलेली, ‘तू मेडिकलला आहेस ना, गोळ्या आणून दे.’ आणून देऊ नका. तुम्ही नोंदणीकृत डॉक्टर नाही, आणि गर्भ नळीत नाही हे तुम्ही फोनवरून सांगू शकत नाही. पण ‘मला नाही माहीत’ म्हणून फोनही ठेवू नका. पाळीची तारीख विचारा, जवळचं सरकारी रुग्णालय सांगा, शक्य असेल तर सोबत जा. तिने आधीच गोळ्या घेतल्या असतील तर सांगा: लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजत असतील, ताप असेल, चक्कर येत असेल, एका बाजूला असह्य दुखत असेल तर रात्र असली तरी निघायचं. सोबत मुलगा आला असेल तर त्याला रिक्षा आणायला पाठवा, काहीतरी काम द्या.

फक्त ‘नको’ म्हणण्यापुरता हा विषय नाही

‘रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस’ ही मांडणी १९९४ मध्ये शिकागोत काही कृष्णवर्णीय स्त्रियांनी केली. मूल न होऊ देण्याबरोबरच मूल होऊ देण्याचा आणि ते सुरक्षित वाढवण्याचाही हक्क त्यांनी मागितला, कारण त्यांच्या वस्तीत तोही मिळत नव्हता. आपल्याकडे तिचा अर्थ ऊसतोड बायकांना विचारा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाळीत काम होत नाही, अंगावरून पांढरं जातं आणि डॉक्टर ‘पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल’ म्हणतो. ज्या व्यवस्थेत एकीला गर्भपात नाकारतात तिथेच दुसरीची पिशवी काढतात. दोन्हीकडे बाईला विचारलेलं नसतं. म्हणून पंचविशी-तिशीतल्या बाईच्या केसपेपरवर हिस्टेरेक्टॉमी दिसली की कारण वाचा, आणि कारण पटलं नाही तर सिनियरला विचारा.

एकटे पडू नका

विरोध होईल. घरून होईल, विभागातून होईल, आणि ‘पाप’ हा शब्द सर्जरीचे सरही वापरतील. मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढणारे र. धों. कर्वे डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. या कामापायी त्यांची कॉलेजातली नोकरी गेली आणि पुढे खटलेही झाले. तुमच्यावर तेवढं येणार नाही, पण इंटर्नल मार्कांची भीती असतेच. म्हणून चौघांनी मिळून करा, लेखी करा, आणि विभागात एक तरी सहानुभूती असलेल्या मॅडम किंवा सर शोधा. असतात. २००८ मध्ये मुंबईचे डॉ. निखिल दातार गर्भात हृदयविकार आढळलेल्या एका रुग्णासाठी उच्च न्यायालयात गेले आणि हरले. कायद्याची मर्यादा वाढायला पुढे तेरा वर्षं लागली, पण तो प्रश्न पहिल्यांदा कोर्टात नेणारा एक प्रॅक्टिस करणारा डॉक्टर होता.

ज्यांना स्वतःला हे काम मनापासून करवत नाही त्यांनीही वाचावं. कायदा या बाबतीत काही सोय देत नाही, पण एक सभ्य वाट आहे: उपदेश न करता, वेळ न घालवता, करणाऱ्या सहकाऱ्याकडे त्याच दिवशी पाठवा. रक्तस्राव होत असेल तर तेवढीही मुभा तुम्हाला नाही.

बाहेरून मदत मिळते. मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया ही विद्यार्थ्यांचीच संघटना आहे आणि तिच्यात लैंगिक व प्रजनन आरोग्याचं काम चालतं. मुंबईची ‘सेहत’ संस्था राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत याच दृष्टीने शिक्षकांबरोबर काम करत आली आहे. ‘प्रतिज्ञा’ मोहीम सुरक्षित गर्भपाताच्या सेवांसाठी देशभर पाठपुरावा करते.

२८ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय सुरक्षित गर्भपात दिन असतो. त्या दिवशी सेल्फी पॉइंट उभारू नका. महिनाभर आधी अधीक्षकांना एक अर्ज द्या आणि स्त्रीरोग ओपीडीच्या दाराशी, बसायच्या बाकांसमोर, मोठ्या मराठी अक्षरांत चार ओळींचा फलक मागा: गर्भपाताची सेवा इथे मिळते. लग्नाचा दाखला लागत नाही. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची किंवा घरच्यांची सही लागत नाही. तुमचं नाव गुप्त राहील. अर्जाची पोच घ्या, आणि फलक लागेपर्यंत दर सोमवारी जाऊन विचारा.